माईक कुणाच्या हातात?

२ जानेवारी जवळ आला की पोलीस ठाण्यांना रंग चढतो. १९६१ साली याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना त्यांचा ध्वज मिळाला, म्हणून हा 'रेझिंग डे' आणि त्याला जोडून आठवडाभर कार्यक्रम. शाळेची मुलं रांगेनं ठाण्यात येतात, टेबलावर मांडलेल्या रायफली बघतात, हातात बेड्या घालून फोटो काढून घेतात. मग परिमंडळाची, म्हणजे एका पोलीस उपायुक्ताच्या (डीसीपीच्या) हद्दीची, मॅरेथॉन, क्रिकेटचे सामने, ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा, सायबर जनजागृती. यंदा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डीसीपी साहेबांचा मुलांबरोबर धावतानाचा फोटो आला आणि दोन तासांत दोन तट पडले. एक तट म्हणे, मुलांसोबत काय धावता, चेन खेचून पळतात त्यांच्या मागे धावा. दुसरा म्हणे, पोलीस हसले तरी तुम्हाला खुपतं आणि नाही हसले तरी खुपतं. रात्री अकराला ॲडमिननं सगळ्यांची तोंडं बंद केली. जे शांतता समितीला वर्षभरात जमत नाही ते एका बटणात झालं.

दोन्ही तट कार्यक्रमावरून भांडत होते आणि घोटाळा तिथेच होता. मॅरेथॉन चांगली की वाईट, हा वादच फुकाचा आहे. लोकसंपर्काची पारख करायची तर एकच गोष्ट बघावी असं माझं म्हणणं आहे: तिथं बोलतं कोण आणि ऐकतं कोण? आज शहरी पोलिसांच्या बहुतेक उपक्रमांत पोलीस बोलतात आणि लोक ऐकतात. ओटीपी देऊ नका, दागिने घालून फिरू नका, भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, मंडपात सीसीटीव्ही लावा. सल्ला सगळा रास्त आहे. पण ज्याला हा सल्ला दिला जातो त्यालाही काही सांगायचं असतं, आणि ते ऐकणं हे पोलिसांचं जोडकाम नसून मुख्य काम आहे. हे मी हवेत बोलत नाही. महाराष्ट्रातल्याच एका परिमंडळानं पस्तीसेक वर्षांपूर्वी ते करून दाखवलं आणि मग आपण सगळे मिळून ते विसरलो.

आधी कार्यक्रमांच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करू. आपल्याकडे पोलीस ठाण्याची पायरी ही अजूनही शहाण्यानं चढू नये अशीच पायरी मानली जाते. ज्या मुलानं सहावीत असताना ठाण्याची इमारत आतून बघितली, जिथं कुणीतरी त्याला बिस्किटाचा पुडा दिला, त्याची भीती थोडी तरी मोडत असेल. मुंबई पोलिसांचं ट्विटर खातं २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालं आणि त्यावरच्या विनोदांनी लोकांना हसवलं. पोलीस वाद्यवृंदाची 'खाकी स्टुडिओ'तली गाणी लोकांनी आवडीनं ऐकली. यात वावगं काही नाही. 'पोलीस दीदी'चा उपक्रम तर मला मनापासून पटतो. शाळाशाळांत जाऊन महिला पोलीस मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श समजावतात, आणि अशा सत्रानंतर एखादं मूल बाजूला येऊन काहीतरी सांगतं. त्या क्षणी तो कार्यक्रम संपतो आणि पोलिसाचं काम सुरू होतं. तो उपक्रम चालतो तो दीदी छान बोलते म्हणून नव्हे. बोलून झाल्यावर ती तिथे थांबते, म्हणून.

थांबण्याचा हा मुद्दा किती मोठा आहे हे लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडून शिकण्यासारखं आहे. १९८३ साली त्यांनी शाळांमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना सांगणार की अमली पदार्थांपासून लांब राहा. टी-शर्ट निघाले, गाड्यांना स्टिकर लागले, अमेरिकाभर आणि बाहेरच्या देशांतही तो पसरला. शिक्षक खूश, पालक खूश, पोलीस खूश. पुढे संशोधकांनी मोजमाप केलं तेव्हा कळलं की मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. लोकप्रिय असणं आणि उपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यांच्या लक्षात यायला दहा-पंधरा वर्षं गेली. आपल्या मॅरेथॉनचं मोजमाप आजवर कुणी केलंय? किती धावले हे मोजलं जातं. त्यातल्या किती जणांनी पुढच्या वर्षभरात ठाण्यात येऊन एखादी गोष्ट सांगितली, हे कोण मोजतं?

आता जवळची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आमच्या भागातल्या ठाण्यानं बोलावलेल्या शांतता समितीच्या बैठकीला मी गेलो होतो. मंगल कार्यालयाचा हॉल, पंखे जोरात, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पुढे सोफे. सोफ्यांवर मंडळांचे अध्यक्ष, दोन माजी नगरसेवक आणि दर वर्षी तिथेच दिसणारे काही 'मान्यवर'. सत्कारालाच पंचवीस मिनिटं गेली. हल्ली नारळाऐवजी रोप देतात, एवढाच काय तो बदल. मग नियमांचं वाचन: मंडपाची उंची, स्पीकरची वेळ, विसर्जनाचा मार्ग, स्वयंसेवकांचे टी-शर्ट. सव्वा तासानं निवेदक म्हणाला, कुणाला काही विचारायचंय का? तिघांनी माईक घेतला, पैकी दोघांनी साहेबांचे आभार मानले. तेव्हा मागून एक बाई उठल्या. सत्तरीच्या असतील, हातात पिशवी, बहुतेक बाजारातून थेट आलेल्या. माईक त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, वायर पुरेना. त्या तशाच मोठ्यानं बोलल्या. आमच्या गल्लीतल्या संडासापाशी दिवा दोन महिने बंद आहे, तिथं पोरं पीत बसतात, माझी नात रात्री जायला भिते, मला सोबत जावं लागतं आणि माझ्यानं होत नाही.

साहेब अदबीनं बोलले, हे सांगायला हवं. "आजी, दिव्याचा विषय महापालिकेचा. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या. पोरांचं आम्ही बघतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या शेजारी गोपनीय शाखेचा अंमलदार वही घेऊन बसला होता. माझं लक्ष त्याच्या पेनाकडे होतं. मंडळांची नावं तो भराभरा लिहीत होता, बाईंचं बोलणं चालू असताना पेन टेबलावर होतं. मग चहा आणि समोसा.

त्या बाईंचा दिवा, ती पोरं आणि नातीची भीती ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट आहे. सरकारदरबारी तिचे तीन तुकडे होतात: दिवा महापालिकेचा, दारू उत्पादन शुल्कवाल्यांची, आणि पोरांनी अजून काही केलेलंच नाही त्यामुळे गुन्हा नाही. उद्या तिथं काही बरंवाईट झालं की तीच जागा 'घटनास्थळ' होईल, आणि पंचनाम्यात कुणीतरी नीट अक्षरात लिहील की सदर ठिकाणी विजेचा दिवा बंद होता. गुन्हा व्हायच्या आधी ही माहिती पोलिसांपाशी फुकट, पायी चालत आली होती. ती घ्यायची कशी याची सोयच त्या बैठकीत नव्हती.

भिवंडीची गोष्ट इथं येते. भिवंडी म्हणजे ठाणे शहर पोलिसांचं परिमंडळ. यंत्रमागांची खडखड, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, जुने कोकणी मुसलमान, आगरी, गुजराती-मारवाडी व्यापारी, सगळे एकमेकांच्या उंबऱ्याला उंबरा लावून. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथं हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, तिचं लोण जळगावपर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग बसला. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा आग लागली. भिवंडी हे नाव दंगलीला समानार्थी झालं होतं. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तेव्हाही होत्याच. पण त्यांत कोण असायचं? दोन्ही बाजूंचे पुढारी. गर्दी जमवायची ताकद ज्यांच्या हातात, गर्दी शांत करायचं कामही त्यांच्याच हातात. असला सौदा कुणाच्या फायद्याचा असतो हे सांगायला नको.

खोपड्यांनी पुढाऱ्यांना वळसा घातला आणि थेट मोहल्ल्यात गेले. सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसं, आणि एकेका मोहल्ल्याची जबाबदारी ठाण्यातल्या एकेका पोलिसावर. बैठक दंगल व्हायच्या भीतीनं, सणाच्या तोंडावर भरायची नाही. ती नेहमी भरायची आणि तिथं मोहल्ल्यातले किरकोळ तंटे निघायचे. मला यातली खरी गंमत वाटते ती हीच. हिंदू-मुस्लिम ऐक्यावर भाषण देऊन कुणी एक होत नाही. पण पाण्यावरून, भाड्यावरून, कुणाच्या तरी दाराशी लावलेल्या हातगाडीवरून झालेलं भांडण चार ओळखीच्या माणसांत बसून मिटलं की पुढच्या वेळी काही कानावर आलं तर विचारायला माणूस असतो. दंगल अफवेवर चालते. अफवा खोटी आहे हे लाउडस्पीकरवरून सांगून पटत नाही, ते ओळखीच्या माणसानं सांगावं लागतं.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर मुंबई दोन टप्प्यांत जळली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. खाडीपलीकडच्या भिवंडीत दंगल झाली नाही. आणि तेव्हा खोपडे तिथं नव्हतेही. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी ती घडी मोडू दिली नव्हती. साहेब बदलले तरी काम टिकलं, कारण ते साहेबावर टांगलेलं नव्हतं. पुढे मुंबईनं हा धडा गिरवला. १९९४ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं मुंबईत मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्यातले क्रिकेटचे सामने याच चळवळीतले. पण त्या सामन्यांच्या मागे वस्तीवस्तीतल्या बैठका होत्या. आज बहुतेक ठिकाणी बैठक गळून पडलीय आणि सामना तेवढा उरलाय, ट्रॉफीवर प्रायोजकाच्या नावासकट.

यावर पहिला आक्षेप अभ्यासू माणूस घेईल, आणि तो बिनतोड वाटावा असाच आहे. एका शहरात एकदा दंगल झाली नाही, यावरून कमिट्यांना श्रेय कसं देता? १९८४ चे चटके ताजे होते. माग बंद पडले की दोघांचीही चूल बंद पडते हे धंद्यानंच शिकवलं असेल. बंदोबस्त कडक असेल. शिवाय ज्या भिवंडीचे गोडवे गाता, तिथंच जुलै २००६ मध्ये काय झालं? कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून जमाव चवताळला, पोलीस गोळीबारात दोघे मेले आणि मग जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. कुठं गेल्या तुमच्या मोहल्ला कमिट्या?

पहिल्या भागाला माझ्याकडे गणिती उत्तर नाही, कुणाकडेच नसेल. पण माग तर १९७० आणि १९८४ मध्येही चालत होते आणि चूल तेव्हाही दोघांची एकच होती. मग नुसत्या धंद्यानं दंगल का थांबली नाही? राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलग्रस्त आणि शांत शहरांच्या जोड्या लावून अभ्यास केला, त्यातून त्यांचा निष्कर्ष निघाला की खेड्यात शेजारधर्म पुरतो, मोठ्या शहरात तो पुरत नाही. तिथं दोन्ही समाजांची माणसं कुठल्या तरी संस्थेत, संघटनेत नियमित एकत्र बसत असावी लागतात. भिवंडीत असं एकत्र बसणं पोलिसांनी घडवून आणलं. दुसऱ्या भागाबद्दल म्हणाल तर २००६ ची घटना माझ्याच बाजूनं बोलते असं मला वाटतं, दुःखानं वाटतं. वाद कशावरून झाला बघा. पोलीस ठाण्याच्याच जागेवरून! ज्या मोहल्ल्यात ठाणं उभं राहणार, त्या मोहल्ल्याशी पोलिसांचं बोलणं इतकं आटलं होतं की जागेचा प्रश्न दगड आणि गोळीपर्यंत गेला. पंपाला दुरुस्ती नको का? एका वर्षी पाणी आलं म्हणून पुढे पंधरा वर्षं त्याच्याकडे न बघता पाणी येत राहील ही अपेक्षाच चुकीची.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. पोलिसांनी लोकांत मिसळणं म्हणजे पाळत ठेवणं नाही कशावरून? १८५७ मध्ये मुंबईच्या पोलिसांची सूत्रं चार्ल्स फोर्जेट या अधिकाऱ्याकडे होती. भारतातच जन्मलेला, इथल्या भाषा अस्खलित बोलणारा. वेश पालटून तो बाजारात हिंडायचा, लोकांत बसायचा, आणि भिंतीच्या भोकातून बैठक ऐकून त्यानं सैनिकांचा कट उघडकीला आणला. दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. लोकसंपर्क म्हणावा तर याहून घनिष्ठ कुणाचा होता? तेव्हा 'पोलीस लोकांत मिसळले पाहिजेत' एवढं म्हणून भागत नाही. वस्तीतल्या माणसाला कमिटीत घ्यायचं आणि त्याच्याकडून शेजाऱ्याची खबर काढायची, तर ती कमिटी लोकांची उरत नाही, खबऱ्यांची होते. वस्तीला हे आठ दिवसांत कळतं आणि मग तिथं फक्त खोटं बोललं जातं.

तमिळनाडूचं उदाहरण तर ताजं आहे. १९९३ मध्ये रामनाथपुरम जिल्ह्यात प्रतीप फिलिप या अधिकाऱ्यानं 'फ्रेंड्स ऑफ पोलीस' सुरू केलं. कल्पना अशी की सामान्य नागरिक पोलिसांचे मित्र होतील आणि दरी मिटेल. २०२० च्या जूनमध्ये सातानकुलमला बाप-लेकाचा पोलिसांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि त्या मारहाणीत या 'मित्रां'चाही हात असल्याचे आरोप झाले. पुढच्याच महिन्यात सरकारनं त्या मंडळींवर बंदी घातली. आपल्याकडच्या 'पोलीस मित्र' टी-शर्टवाल्यांनी हे वाचून ठेवावं. पोलिसांचा मित्र होणं म्हणजे पोलिसांचा अधिकार उसना घेणं, असा अर्थ एकदा रुजला की हातात शिट्टी येते, शिट्टीनंतर काठी येते. तंटामुक्त गाव मोहिमेतही मला एक धोका नेहमी दिसायचा. २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी चांगल्या हेतूनं ती आणली, पण तंटे मिटवल्याबद्दल गावाला बक्षीस मिळणार असेल तर मारहाण सोसणाऱ्या बाईनं तक्रार करू नये म्हणून तिच्यावर दबाव आणायला अख्खं गाव मोकळं.

हे आक्षेप मी खोडून काढत नाही, कारण ते खरे आहेत. पण त्यांतून निघतं काय? पोलिसांनी लोकांपासून लांब राहावं, हे निघत नाही. निघतं ते हे की माहिती दोन्ही दिशांनी वाहिली पाहिजे. मोहल्ल्यानं पोलिसाला सांगितलं तर पोलिसानंही मोहल्ल्याला सांगितलं पाहिजे की तुमच्या तक्रारीचं हे झालं, हे झालं नाही, आणि का झालं नाही. खबऱ्याला उत्तर मागायचा हक्क नसतो, नागरिकाला असतो. फोर्जेट कुणाला उत्तर द्यायला बांधील नव्हता.

तिसरा आक्षेप स्वतः पोलिसांचा, आणि तो ऐकताना मान खाली जाते. "साहेब, माणसं कुठायत?" गणपती, नवरात्र, ईद, निवडणूक, व्हीआयपी, मोर्चा, क्रिकेटचा सामना, पुन्हा गणपती. बारा-बारा, चौदा-चौदा तासांची ड्युटी. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही ठाण्यातल्याच एका साध्या अंमलदाराच्या डोक्यातून निघालेल्या आराखड्यावर. यावरून हा विषय किती वर्षं कुणी हातात घेतला नव्हता हे कळतं. अशा माणसानं मोहल्ल्यात जाऊन नळावरची भांडणं कधी ऐकायची? ऐकणं हे जादा काम असतं तर हा आक्षेप मी निमूट मान्य केला असता. पण जादा काम कुठलं आहे? मॅरेथॉनला पहाटे चारपासून चौकाचौकात उभे राहणारे शिपाई कुठून येतात? स्टेज, बॅनर, पाहुण्यांची ने-आण, बातमीसाठी फोटो हे सगळं कोण करतं? तोच हवालदार करतो. माझी मागणी त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढवायची नाही, त्यातले फुगे काढून टाकायची आहे.

आता चौथा, जुना आणि मुरलेला आक्षेप: पोलीस एका जागी रुळला की तिथलाच होऊन बसतो. हप्ते सुरू होतात, सोयरीक होते, म्हणून बदल्या हव्यात. यात तथ्य आहे हे कुठलाही पानवाला सांगेल. पण ही धास्ती आली कुठून ते बघा. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलनं लंडनसाठी जे पोलीस दल काढलं, ते लोकांच्या संमतीनं चालावं अशी निदान भाषा होती. आपल्याकडे ते आलंच नाही. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरनं आयर्लंडच्या शस्त्रधारी पोलिसांच्या धर्तीवर दल उभं केलं आणि तोच साचा पुढे मुंबई इलाख्यात आणि देशभर गेला. आयर्लंडमध्ये पोलिसाला त्याच्या स्वतःच्या परगण्यात नेमत नसत. लोकांत राहून लोकांचा होऊ नये म्हणून बराकीत ठेवत. जिंकलेल्या मुलखावर पहारा ठेवणाऱ्याला ते शोभतं. आज आपल्याला पहारेकरी हवाय की पोलीस?

आणि बदल्यांचा हिशेब आपल्या कायद्यात काय आहे? महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे ठाण्यातल्या निरीक्षकाची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची, डीसीपींचीही दोनच वर्षांची. शिपाई-हवालदारांना मात्र एका ठिकाणी पाच वर्षं. म्हणजे वस्तीत सगळ्यात जास्त टिकणारा माणूस हवालदार, आणि आपण लोकसंपर्क टांगतो तो दोन वर्षांत, कधी दोन महिन्यांत जाणाऱ्या साहेबाच्या नावावर. २०२२ मध्ये संजय पांडे मुंबईचे आयुक्त झाले. त्यांनी स्वतःचा मोबाइल नंबर लोकांना दिला, रविवारी सकाळी रस्ते गाड्यांना बंद करून 'संडे स्ट्रीट' भरवले. लोकांना ते आवडलं. चार महिन्यांत ते निवृत्त झाले. आयुक्ताचा नंबर असण्यापेक्षा आपल्या बीटच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या आपल्या भागाच्या, अंमलदाराचा नंबर असणं आणि त्यानं तो उचलणं, यातलं जास्त मोलाचं काय? 'डेअर' काढणाऱ्या त्याच लॉस एंजेलिस पोलिसांनी २०११ मध्ये वॉट्स भागातल्या सरकारी घरकुलांच्या वस्त्यांत वेगळं काहीतरी सुरू केलं. १९६५ ला ज्या वॉट्समध्ये दंगल झाली तेच वॉट्स. तिथं नेमलेल्या पोलिसांनी पाच वर्षं राहायचं, असं ठरलं. तिथंही 'ही पाळतच आहे' म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं पुसून टाकू नये. पण व्याख्यान देऊन जायच्या ऐवजी मुक्काम करायचा, हे शहाणपण त्या दलाला यायला तीन दशकं लागली. भिवंडीला ते १९८८ ला सुचलं होतं.

हप्त्याचं काय? हप्ता अंधारात वाढतो. ज्या हवालदाराला दर महिन्याला पन्नास माणसांसमोर उभं राहून मागच्या महिन्याचा जाब द्यायचा आहे, त्याला गुत्तेवाल्याशी सोयरीक करणं जास्त अवघड जाईल की सोपं?

म्हणून मागायचंच असेल तर मॅरेथॉन बंद करा असं मागू नये. अगदी साधं मागावं. आपल्या प्रत्येक हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत, चार टकली आणि दोन पेंगणारी डोकी असली तरी, विषय क्रमांक एक ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गेल्या सभेत गळतीचा प्रश्न निघाला होता, त्याचं काय झालं, यावर सेक्रेटरीची हबेलंडी उडते. हीच रीत मोहल्ला कमिटीच्या, शांतता समितीच्या बैठकीला लावा. मागच्या बैठकीत कोणी काय विचारलं ते आधी वाचा, काय झालं ते सांगा, मग सत्कार करा. दिवा महापालिकेचा असेल तर ठाण्यानं महापालिकेला पत्र धाडलं त्याचा जावक क्रमांक सांगा. बाईंना वॉर्ड ऑफिसला धाडू नका. वही गोपनीय अंमलदाराच्या कपाटात न ठेवता ठाण्याच्या दारात, बाकाशेजारी ठेवा. बीटचा अंमलदार कोण, तो या बीटवर कधीपासून आहे, हे फळ्यावर लिहा. याला निधी लागत नाही, प्रायोजक लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नाही.

मध्यंतरी बाजारात माझ्या खिशातून फोन मारला गेला. ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहा, लगेच दाखला देतो." चोरी लिहिली की गुन्हा वाढतो, गहाळ लिहिलं की माझा विसराळूपणा वाढतो. त्यांच्या डोक्यावर 'पोलीस तुमचा मित्र' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मी गहाळ लिहिलं. मला सिमकार्ड हवं होतं आणि संध्याकाळ झाली होती. तेव्हा मला त्या बाईंची आठवण झाली, कारण त्यांनी तेवढीही माघार घेतली नव्हती.

यंदा गणपतीच्या आधीच्या बैठकीला मी पुन्हा गेलो. तोच हॉल, तेच सोफे, साहेब नवे. सत्कार झाले, नियम वाचून झाले. बाई पुन्हा मागेच बसल्या होत्या, या खेपेला नात सोबत. त्या उठल्या आणि शब्दाशब्दाला तेच बोलल्या: संडासापाशी दिवा, पोरं, रात्र. नवे साहेब पुढे वाकले, आपुलकीनं हसले आणि म्हणाले, "आजी, पहिल्यांदाच येताय ना बैठकीला?"